लोकर किती लागेल? आजीचे १२ औंस आणि बाबांचा हाफ स्वेटर

निफाडला पारा घसरल्याची बातमी आली की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या, बाबा माळ्यावरून कानटोपी काढायला लावतात आणि मला कुणाचा तरी मेसेज येतो, "अगं स्वेटर विणायला घेतेय, लोकर किती आणू?" आता हा प्रश्न दिसायला साधा आहे, पण "लग्नाला खर्च किती येईल" हा जितका साधा आहे तितकाच. कुणाचा स्वेटर, कुठली लोकर, कितीच्या सुया, कुठली वीण, आणि मुख्य म्हणजे विणणाऱ्या बाईचा (किंवा बाप्याचा) हात कसा, यावर सगळं आहे. तरी गणित अवघड नाहीये, पोळ्यांच्या कणकेचा अंदाज येतो त्याला हे पण जमतं. फक्त मला ते जमायला एक स्वेटर वाया घालवावा लागला, म्हणून आधी तेच सांगते.

आजीची एक वही आहे माझ्याकडे, पानं पिवळी पडलेली, त्यात टाक्यांचे हिशोब. एका पानावर लिहिलंय, "ह्यांचा फुल स्वेटर, १२ औंस, सुई १०." ह्यांचा म्हणजे आजोबांचा. बाबांची अंगलट हुबेहूब आजोबांसारखी, त्यामुळे मी म्हटलं चला, आयतं माप मिळालं. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, १२ औंसांचे झाले ३४० ग्रॅम, मी ५० ग्रॅमचे ७ गुंडे आणले, ३५० ग्रॅम, वर १० ग्रॅम शिल्लक राहतील म्हणून स्वतःवरच खूश. पाठ झाली, पुढचा भाग झाला, पहिल्या बाहीची बॉर्डर आणि त्यावर चार बोटं विणून झाली आणि लोकर संपली. पुन्हा दुकानात गेले तर शेड तोच पण लॉट (एका वेळी रंगवलेली खेप) वेगळा, घरी येऊन उजेडात धरलं तर दोन रंग सरळ वेगळे दिसत होते. शेवटी ती बाही उसवली, तिच्याच लोकरीत गळ्याच्या आणि मुंढ्यांच्या पट्ट्या केल्या आणि बाबांना सांगितलं की तुमच्यासाठी हाफ स्वेटर केलाय. ते अजून घालतात, त्यांना खरं माहीत नाही.

आजीचं काय चुकलं होतं? काहीच नाही. ते खाली येईलच.

वजनात विकतात, मीटरमध्ये लागते

सगळा घोळ इथे सुरू होतो. दुकानात आपण लोकर ग्रॅममध्ये घेतो, पण सुईवर टाका घालताना ग्रॅम लागत नाहीत, लांबी लागते. प्रत्येक टाका म्हणजे लोकरीचा एक छोटा फास, त्याला अमुक इतके सेंटिमीटर धागा लागतो, आणि पूर्ण स्वेटर म्हणजे असे हजारो फास.

पोह्यांचं बघा. १०० ग्रॅम पातळ पोहे घेतले तर डबा भरतो आणि १०० ग्रॅम जाड पोहे त्याच डब्यात तळाशी बसतात, वजन तेवढंच पण पसारा वेगळा. लोकरीचं तसंच. बारीक लोकरीच्या ५० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण २०० मीटर धागा असतो, मध्यम जाडीच्या गुंड्यात ११५ च्या आसपास, आणि ती एकदम जाडजूड मफलरवाली लोकर असते तिच्यात ५०–६० मीटरच. म्हणजे "७ गुंडे" हे उत्तरच नाही, कसले ७ गुंडे ते सांगा.

त्यात लोकर कशाची आहे ते पण येतं. आपण लोकर लोकर म्हणतो त्यातली बरीचशी ॲक्रिलिक असते, मेंढीचा आणि तिचा काही संबंध नसतो. ॲक्रिलिक हलकं, खरी लोकर त्याहून थोडी जड, आणि सूत सगळ्यात जड (घनता पाहिली तर अनुक्रमे १.१७, १.३१ आणि १.५ च्या वर, ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी). त्यामुळे दिसायला तेवढ्याच जाडीचा सुती धागा घेतला तर ५० ग्रॅममध्ये ८५ मीटरच मिळतात. उन्हाळ्यात घालायला सुती जाळीचा टॉप विणू म्हणून ॲक्रिलिकच्या हिशोबाने गुंडे आणणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्या पुढच्या आठवड्यात परत दुकानात दिसतात.

म्हणून पहिलं काम, गुंड्याच्या कागदी पट्टीवर मीटर लिहिलेत का बघा. परदेशी पट्टीवर हमखास असतात, आपल्याकडच्या सगळ्यांवर नसतात. नसतील तर घरी १० मीटर मोजून ते किचनच्या काट्यावर ठेवू नका, इतक्या कमी वजनाला काट्याचा भरवसा नाही, त्यापेक्षा खाली सांगतेय ती वजनाची युक्ती वापरा, तिला मीटर लागतच नाहीत.

आणि प्लाय? प्लाय म्हणजे पीळ देताना किती धागे एकत्र वळलेत तो आकडा. ४ प्लाय म्हणजे चार धागे, बस. ते चार धागे बारीक की जाड हे त्यातून कळत नाही, सवयीने आपण ४ प्लाय म्हणजे बारीक धरतो इतकंच. दोन कंपन्यांच्या ४ प्लाय लोकरी शेजारी ठेवून बघा एकदा.

स्वेटर लांबीत नाही, क्षेत्रफळात वाढतो

दुसरी फसगत इथे होते. "बाळाच्या स्वेटरला ३ गुंडे लागले, मोठ्याला ५ पुरतील ना?" नाही पुरणार. दुप्पट रुंद पोळी लाटायची तर कणीक दुप्पट घेऊन चालत नाही, तेवढीच जाड हवी असेल तर चौपट लागते. ६० सेंटिमीटर घेराचा ३५ लांबीचा छोटा स्वेटर आणि १०० घेराचा ६० लांबीचा मोठा, दोन्ही गुणून बघा, २१०० आणि ६०००. जवळजवळ तिप्पट, आणि बाह्या अजून धरल्याच नाहीत.

म्हणजे जे काही विणायचंय त्याचं क्षेत्रफळ काढायचं आणि आपण एका चौरसात किती लोकर खातो ते काढायचं, झालं गणित.

आता प्रत्यक्ष: सॅम्पल आणि वजनकाटा

जी लोकर, ज्या सुया, जी वीण वापरणार आहात त्यातच एक चौकोन विणा. १० बाय १० चा सगळे सांगतात पण माझं ऐका, २० बाय २० चा विणा. कारण घरच्या काट्याला एक ग्रॅमच्या खालचं कळत नाही, १० बाय १० चा तुकडा भरतो ५ ग्रॅम, त्यात अर्धा ग्रॅम इकडे तिकडे झाला की सरळ १० टक्क्यांची चूक, म्हणजे स्वेटरमागे एक अख्खा गुंडा. मोठा तुकडा २० ग्रॅम भरतो, तिथे अर्ध्या ग्रॅमने फारसं बिघडत नाही. विणून झाला की टाके बंद करा, धुवा, सपाट वाळवा, मग मोजा. ओढून मोजू नका, माझ्या वहिनी ओढून मोजतात आणि मग म्हणतात स्वेटर आखूड झाला.

माझ्या मध्यम लोकरीचं, ८ नंबरच्या सुयांवर, एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट एक सुई उलट अशा साध्या विणीत, ४०० चौरस सेंटिमीटरला २० ग्रॅम भरलं. म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरला ५ ग्रॅम.

आता बाबांचा स्वेटर. माप अंगाचं नाही घ्यायचं, त्यांना नीट बसणारा जुना स्वेटर पलंगावर पसरून त्याचं घ्यायचं, म्हणजे सैलपणा आपोआप येतो. रुंदी ५२, दोन्ही बाजू मिळून १०४, लांबी ६४. गुणाकार ६६५६. बाही खाली २४ रुंद, वर ३८, सरासरी ३१, काखेपर्यंत लांबी ४६, म्हणजे एक बाही १४२६ आणि दोन २८५२. गळा आणि मुंढा कापलेला असतो तेवढं क्षेत्रफळ कमी होतं पण बाहीचा वरचा गोल भाग आपण धरला नाही, ते एकमेकांत फिटलं असं समजायचं, उगाच कीस काढायचा नाही. एकूण झाले साधारण ९५०० चौरस सेंटिमीटर. शंभराला ५ ग्रॅम म्हणजे ४७५ ग्रॅम. बॉर्डर, शिवण, गाठी आणि माझे हिशोब चुकतात म्हणून १० टक्के वर, ५२३. गुंडा ५० चा, म्हणजे ११ गुंडे.

आणि मी आणले होते ७. पाठ आणि पुढचा भाग मिळून ६६५६ चे ३३३ ग्रॅम गेले, उरले १७, त्यात चार बोटं बाही. कागदावर सगळं बरोब्बर जुळतं, फक्त कागद आधी घ्यायला हवा होता.

मग आजी १२ औंसात कशी भागवायची?

उत्तर वहीतच होतं, "सुई १०." मी वाचलं आणि सोडून दिलं. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत, नंबर वाढला की सुई बारीक होते, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे सव्वातीन. आजी बारीक सुईवर बारीक लोकर विणायची.

इथे एक गंमत आहे जी मला फार उशिरा कळली. बारीक लोकरीने तेवढाच स्वेटर विणला तर लांबी जास्त लागते पण वजन कमी लागतं. विश्वास बसत नव्हता म्हणून मी बारीक लोकरीचं पण एक सॅम्पल विणलं आणि दोन्ही सॅम्पलमधले २०-२० टाके उसवून पट्टीवर मोजले. जाड (म्हणजे माझ्या मध्यम) लोकरीच्या २० टाक्यांना ३५ सेंटिमीटर, म्हणजे टाक्याला पावणेदोन. १० बाय १० च्या चौकोनात २२ टाके आणि ३० सुया, ६६० टाके, म्हणजे साडेअकरा मीटर. बारीक लोकरीचा टाका १.४३ सेंटिमीटरचा, पण चौकोनात २८ टाके आणि ३६ सुया, १००८ टाके, म्हणजे १४.४ मीटर. खोलीत मोठ्या फरशा लावल्या तर सांधे कमी भरावे लागतात, तेवढ्याच खोलीत लहान लहान फरशा लावल्या की सांधेच सांधे. तसंच हे, टाका लहान झाला की एकूण धागा वाढतो.

पण वजन? साडेअकरा मीटर जाड लोकर ५ ग्रॅम, १४.४ मीटर बारीक लोकर (५० ग्रॅमला २०० मीटरवाली) ३.६ ग्रॅम. ९५०० चौरस सेंटिमीटर म्हणजे असे ९५ चौकोन, गुणा ९५, येतात ३४२ ग्रॅम.

१२ औंस म्हणजे ३४०. आजी दोन ग्रॅमपेक्षा जास्त चुकली नव्हती. वही बंद करून मी थोडा वेळ तशीच बसले.

आजीचं हे ज्ञान कापडशास्त्रात पण आहे बरं का. १९५९ साली मंडेन नावाच्या इंग्लिश संशोधकाने दाखवून दिलं की साध्या विणीच्या कापडाचं माप मुख्यतः एका टाक्याला किती लांबीचा धागा गेलाय त्यावर ठरतं, टाक्याची लांबी अर्धी केली तर तेवढ्याच जागेत चौपट टाके बसतात. चौपट टाके, प्रत्येक अर्ध्या लांबीचा, म्हणजे एकूण धागा दुप्पट. फरशांचंच गणित.

वीण बदलली की हिशोब बदलतो

वर सगळं साध्या विणीचं सांगितलं. सगळ्या सुया सुलट विणल्या की ओळी एकमेकींवर दाटीने बसतात, त्यामुळे तेवढ्याच उंचीला जास्त सुया आणि जास्त लोकर. वेणीची डिझाइन म्हणजे साडीच्या निऱ्या समजा, कापड आत ओढलं जातं, अंगावर दिसतं एवढंसं आणि आत दडलेलं बरंच, त्यामुळे वेण्यावेण्यांचा स्वेटर लोकर भरपूर पितो. दोन सुलट दोन उलट बॉर्डर पण अशीच आक्रसते. जाळी उलट, भोकांना लोकर लागत नाही, शिवाय जाळी धुऊन ताणून वाळवली की मोठी होते. दोन रंगांची नक्षी असेल तर मागून दुसरा धागा चालत असतो, तो दिसत नाही पण लागतो, आणि प्रत्येक रंग वेगळा मोजावा लागतो. यासाठी टक्केवारीचे तक्ते फिरत असतात, मी त्यांच्या नादी लागत नाही, ज्या विणीत स्वेटर त्याच विणीत सॅम्पल, की तक्त्याची गरजच पडत नाही.

"सॅम्पल कोण विणत बसणार? लोकर वाया जाते"

वाया कुठे जाते, उसवून परत वापरायची, शेवटी बॉर्डरला कामाला येते. तरी ज्यांना सॅम्पलचा कंटाळा आहे (मला पण आहे) त्यांच्यासाठी पळवाट: एक बाही आधी विणा आणि तिचं वजन करा. बाही हेच सॅम्पल, चांगलं मोठं आणि वाया न जाणारं. किंवा पाठ आधी विणा. पाठ म्हणजे पूर्ण बाह्यांच्या स्वेटरचा साधारण एक तृतीयांश असते, म्हणून पाठीच्या वजनाची तिप्पट आणि वर थोडी. पुढून उघडा, बटणपट्टीवाला असेल तर वर जरा जास्त. मात्र हे करायचं तर दुकानातून आणतानाच एक-दोन गुंडे जास्त आणलेले हवेत, नाहीतर पाठ झाल्यावर कळून उपयोग काय.

"पण दुकानदार सांगतोच की"

सांगतो, आणि तुळशीबागेत वर्षानुवर्षं लोकर विकणाऱ्या माणसाचा अंदाज बऱ्याचदा बरोबर असतो, मी नाही म्हणत नाही. पण त्याने तुमचा हात पाहिलेला नाही. माझी मावशी इतकं घट्ट विणते की तिच्या टाक्यात सुई शिरत नाही, माझी वीण सैल, आम्ही दोघींनी एकाच गुंड्यातून एकाच सुयांवर ४० टाके घातले तर तिची पट्टी माझ्यापेक्षा दोन बोटं अरुंद येते. तिला तेवढाच स्वेटर करायला जास्त टाके लागतील, म्हणजे जास्त लोकर. हे दुकानदाराला काउंटरपलीकडून कसं कळणार.

"आमच्या आईला न मोजता कळायचं"

माझ्या आजीलाही कळायचं! पण ती आयुष्यभर त्याच जाडीची लोकर, त्याच १० नंबरच्या सुया आणि त्याच पाच-सहा माणसांचे स्वेटर विणत होती. मोजत नव्हती असं नाही, तिचं मोजून झालेलं होतं. आपण आज लुधियानाची ॲक्रिलिक, उद्या सूत, परवा ऑनलाइन मागवलेलं कुठलंतरी मखमली प्रकरण, आणि पॅटर्न मोबाइलवर बघून इंग्लंडचा. त्या पॅटर्नमध्ये यार्ड असतात, एक यार्ड ०.९१४४ मीटर. १२०० यार्ड लिहिले असतील तर ते १०९७ मीटर झाले, ११५ मीटरच्या गुंड्यांनी १० गुंडे, आणि ८५ मीटरच्या सुती गुंड्यांनी १३. पॅटर्नमध्ये "१० गुंडे" वाचून सुताचे १० आणले की संपलं.

लॉट, आणि शेवटच्या दोन सुया

कमी पडण्यापेक्षा जास्त आणलेली परवडते याचं कारण लॉट. रंगाचं प्रत्येक पातेलं वेगळं उतरतं, एकाच हाताची, एकाच मसाल्याची आमटी सोमवारची आणि मंगळवारची वेगळी लागते ना तसं. पट्टीवर शेड नंबरच्या जवळ लॉट नंबर असतो, सगळ्या गुंड्यांवर तो एकच आहे ना ते दुकानातच बघून घ्या आणि न उघडलेला गुंडा परत घ्याल का ते पण तिथेच विचारा. वेगळा लॉट घ्यावाच लागला तर एकदम जोडू नका, काही इंच दोन सुया जुन्या दोन सुया नव्या असं विणत गेलं की फरक बराच लपतो. मला हे तेव्हा माहीत असतं तर बाबांना बाह्या मिळाल्या असत्या.

सुरुवातीला टाके घालताना पण हेच संकट, १२० टाके घालायचे असतात आणि ११४ वर शेपूट (टाके घालायला आधी सोडलेला धागा) संपतं. सुईभोवती १० वेढे द्या, ते उलगडून मोजा, टाक्यांच्या हिशोबाने गुणा, वर एक वीत जास्त ठेवा.

आणि शेवटी जेव्हा हातात थोडीशीच लोकर उरते आणि कळत नाही की अजून एक सुई विणावी की टाके बंद करावेत, तेव्हा उरलेली लोकर मधोमध दुमडा आणि तिथे एक सरकगाठ मारा. एक सुई विणा. गाठ आली नाही तर आणखी एका सुईपुरती नक्की आहे. सुई संपायच्या आत गाठ आली तर तेवढी सुई उसवा आणि टाके बंद करा, मग मात्र मोह नको, कारण टाके बंद करायला पण पट्टीच्या रुंदीच्या तीन-चार पट लोकर लागते.

यंदा बाबांसाठी ११ गुंड्यांचा फुल स्वेटर झाला, निळा. एक गुंडा उघडलाच नाही आणि एकातली थोडी उरली. त्या उरलेल्या लोकरीत तान्ह्या बाळाचं टोपडं होईल का म्हणून करून पाहिलं, झालं. वजन केलं तर २८ ग्रॅम, गोंड्यासकट. आजीच्या वहीत पुढच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलंय, "टोपडं, १ औंस, सुई ८."